गुलबक्षी, नानकटाई आणि हंसाबेनची भट्टी

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. नानकटाईच्या डब्याच्या तळाशी चुरा साठतो, तसे ते साठत जातात. एक दिवस डबा उपडा केला की कळतं, अरे, एवढं होतं! आमच्या भट्टीवरच्या गोष्टींचं असंच झालंय. मी सांगायला लागले की समोरचा आधी हसतो, मग खुर्ची पुढे ओढतो, आणि निघताना हळूच विचारतो, "ताई, कोपऱ्यापर्यंत सोडायला येता का?"

आधी मंडळी सांगते. शहाद्याच्या बाहेर आमची कॉलनी. तिथे हंसाबेनच्या परसात विटांची जुनी भट्टी आहे. हंसाबेन तापीकाठच्या गुजर घरातल्या, आता एकट्याच राहतात. रविवारी दुपारी आम्ही चौघी तिथे जमतो. हंसाबेन, दवाखान्यातली कल्पना सिस्टर, केकच्या ऑर्डरी घेणारी संगीता, आणि हायस्कूलच्या लायब्ररीत काम करणारी मी.

भट्टीभोवती सगळी जुन्या वळणाची फुलं. गुलबक्षी, अबोली, कोरांटी, तेरडा. नर्सरीत ही फारशी मिळत नाहीत. बी नाहीतर फांदी कुणाकडून तरी मागूनच आणायची. त्यात भट्टीतून तुपाचा वास यायला लागला की माणूस उठायचं नाव घेत नाही. घाबरलो तरी आम्ही उठलो नाही, ते त्यामुळेच!

*

हंसाबेन घड्याळ मानत नाहीत, गुलबक्षी मानतात. चारच्या सुमाराला गुलबक्षी उमलली की भट्टीत पहिला ट्रे जाणार.

एका रविवारी चार वाजून गेले, ऊन कललं, पण एक फूल उघडेना. हंसाबेननी हात झटकले. "आज भट्टी बंद शे."

संगीता वैतागली. तिची ऑर्डर होती. "अहो बेन, फुलांचं काय ऐकता? आभाळ आलं असेल!"

आभाळ कुठलं, चक्क ऊन होतं! शेवटी कल्पना म्हणाली, "मी पेटवते, तुम्ही बसा." ती काडेपेटी आणायला घरात गेली, आणि मागे धाडकन आवाज झाला. भट्टीची आतली कमान खाली आली होती. कल्पना जिथे वाकून लाकडं रचायची, नेमक्या तिथे विटांचा ढीग पडला होता.

धूळ बसल्यावर आम्ही वळून बघितलं. गुलबक्षी सगळी उमलली होती!

तेव्हापासून संगीता ऑर्डर घेताना सांगते, "झाडाला विचारून कळवते."

*

भट्टी नवी बांधून झाली. पहिल्याच दिवशी आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, लहान पोर मुसमुसावं तसा.

संगीताने माझा दंड धरला. कल्पना मात्र धीट. तिने टॉर्च मारला आणि हसायला लागली. "अगं, मांजर आहे!"

खरंच एक भुरी मांजर होती. तिला चुचकारून बाहेर काढली. ती अंग झाडून आमच्या पायाशी बसली आणि भट्टीकडे बघायला लागली.

आतलं रडणं काही थांबलं नाही!

कल्पनाने पुन्हा टॉर्च मारला. नव्या विटा, ओला चुना, बाकी काही नाही. शेवटी हंसाबेन पुढे झाल्या, भट्टीच्या तोंडाशी वाकल्या आणि दटावून म्हणाल्या, "जे कोनी व्हई ते, बाहेर निंघा! माले नानकटाई भाजनी शे!"

आवाज बंद. अजूनही भट्टी पेटवण्याआधी त्या हेच ओरडतात. आणि ओरडल्यावर भट्टीच्या तोंडासमोरून जरा बाजूला सरकून उभ्या राहतात, कुणाला तरी वाट द्यावी तशा.

*

कॉलनीत फुलचोर असतोच. आमच्याकडे गोदाकाकू होत्या. उजाडायच्या आत आकडी लावलेली काठी घेऊन निघायच्या आणि सगळ्यांची जास्वंद देवासाठी खुडून न्यायच्या. त्या वारल्या तेव्हा संगीताला वाईट वाटलं, पण ती हेही म्हणाली, "आता निदान माझी जास्वंद मला बघायला मिळेल."

नाही मिळाली. फुलं जातच राहिली.

संगीताच्या नवऱ्याने कॅमेरा बसवला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो. रेकॉर्डिंगमध्ये अंगण रिकामं होतं. मग जास्वंदीची एक फांदी हळूच खाली वाकली, थोडी थांबली, आणि वर गेली. फूल नव्हतं. मग दुसरी फांदी.

"वारा," संगीताचा नवरा म्हणाला.

कल्पनाने चष्मा वर केला. "भाऊजी, वाऱ्याला कळ्या सोडून फक्त उमललेलीच फुलं कशी कळतात हो?"

त्यांनी त्याच दिवशी कॅमेरा काढला. संगीता आता रोज संध्याकाळी जास्वंदीखाली एक रिकामी परडी ठेवते.

*

संगीताच्याच केकची गोष्ट. गावातल्या एका घरून वाढदिवसाची ऑर्डर होती. मुलीचं नाव रोहिणी. संगीताने मोबाईलमधला मेसेज समोर ठेवून नाव लिहिलं, भोवती क्रीमची अबोली काढली, आणि आम्ही दोघी केक पोचवायला गेलो.

झाकण उघडलं तर केकवर लिहिलेलं, मोहिनी.

संगीता रडकुंडीला आली. "सॉरी हो! मी रोहिणीच लिहिलं होतं, शपथ! लगेच पुसून देते."

पण रोहिणीची आई भिंतीला टेकून खालीच बसली. मग आजी पुढे आली आणि तिने संगीताचा हात धरला. "पुसू नको, बेटा. रोहिणीले जुळी बहीण व्हती. जनमताच गयी. आम्ही दोन्ही सासू-सूननी आपसातच तिन्हं नाव मोहिनी ठेवेल व्हतं. कोनले सांगेल नही."

रोहिणीला स्वतःलाही हे माहीत नव्हतं. तिने एकदा केककडे बघितलं. मग उठून आत गेली आणि दोन सुऱ्या घेऊन आली.

*

आणि ही शेवटची.

हंसाबेनची एकुलती एक मुलगी, जागृती. धडगावला शाळेत शिकवते. तिने तिकडच्याच एका शिक्षकाशी, जातीबाहेर लग्न केलं आणि हंसाबेननी बोलणं टाकलं. फोन नाही, येणंजाणं नाही. आम्ही विषय काढला की त्या ट्रे घासायला घ्यायच्या.

यंदा दिवाळीच्या तोंडावर त्या आपणहून म्हणाल्या, "ताई, एक डबा धडगावले धाडना शे."

दुसऱ्याच दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी मीच डबा भरला. घाटात चुरा होऊ नये म्हणून नानकटाया अगदी खेटून लावल्या. वर हंसाबेननी कुंडीतली एक देशी पिवळी शेवंती ठेवली. मी झाकण लावलं, सुतळी बांधली आणि डबा रमेशभाऊंच्या हातात दिला. त्यांची जीप रोज धडगावला जाते.

दुपारी संगीताचा फोन आला, "ताई, दवाखान्यात या!"

हंसाबेन भट्टीजवळ बेशुद्ध सापडल्या होत्या. शुगर एकदम उतरली होती. घरात दुसरं कुणी नाही. सापडल्या त्या जागृतीला! ती अचानक दारात आली, आई जमिनीवर दिसली, तिने आरडाओरडा केला आणि संगीता धावली. कल्पना सलाईन लावून बाहेर आली नि म्हणाली, "थोडा उशीर झाला असता, तर हातात काही राहिलं नसतं."

संध्याकाळी जरा श्वास घेतल्यावर मी जागृतीला विचारलं, "तू आज कशी काय आलीस गं?"

"डबा मिळाला ना! वर्गावर होते. एक नानकटाई तिथेच खाल्ली, डबा टेबलावर ठेवला आणि निघाले."

"रमेशभाऊंनी आणून दिला?"

"नाही, एक म्हातारी बाई होती. धडगावात आपली अहिराणी ऐकून मलाच नवल वाटलं. म्हणाली, 'तुन्ही माय वाट देखी ऱ्हायनी, आतेच निंघ.' मी नाव विचारेपर्यंत गेलीसुद्धा."

एवढ्यात वॉर्डाच्या दारात रमेशभाऊ आले. हातात डबा. "ताई, माफ करा. जीप घाटातच बंद पडली. धडगावला पोचलोच नाही. डबा दिवसभर माझ्या सीटखाली होता."

सुतळीला मी मारलेली गाठ तशीच होती. मी ती सोडली, झाकण उघडलं. खेटून लावलेल्या नानकटायांमध्ये एकीची जागा रिकामी होती. शेवंती नव्हती.

कल्पनाने मला कोपराने ढोसलं. जागृतीच्या वेणीत पिवळी शेवंती होती.

तेवढ्यात पलंगावर हंसाबेननी डोळे उघडले. इतक्या वर्षांनी लेकीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि अगदी रोजच्यासारखं विचारलं, "तूप कमी तं नही पडनं ना, बेटा?"