फुकटची बासी

गिरजाबाई मुळात गप्प बसणारी बाई नव्हे. सालेकसाकडच्या तिच्या माहेरी माणसं पोटातलं ओठावर आणणारी, आणि ही तर त्यांच्यातही वरताण. नवरा शालीकराम म्हणायचा, "हिच्यापुढं वकीलबी हारल." पण शालीकराम गेला, आणि गोंदियाच्या राइस मिलमध्ये मिस्त्री असलेला मुलगा भोजराज तिला आपल्याकडे घेऊन आला. स्टेशनवर उतरल्या उतरल्याच त्यानं बजावलं, "आई, रविता शहरातली पोरगी हाय. जरा सांभाळून बोलजो." बाईनं ते इतकं मनावर घेतलं, की चार महिन्यांत जिभेला गंज चढायची वेळ आली.

सून रविता वाईट नव्हती. कामाला चपळ होती, बोलायला गोड होती. गोंदियातच वाढल्यामुळे अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायची, त्याचंही गिरजाबाईला काही वाटत नव्हतं. कुसळ रुतलं होतं ते एकाच गोष्टीचं, आणि ती गोष्ट म्हणजे बासी.

संध्याकाळी मुद्दाम जास्तीचा भात शिजवायचा, पुरता निवू द्यायचा आणि पाण्यात भिजत ठेवायचा. सकाळी त्यात मीठ, थोडं ताक, सोबत कांदा नि कैरीची चटणी. छत्तीसगडच्या शिवेवरच्या गावांत माणसं उन्हाळा काढतात ते ह्या बासीवर. मे महिन्यात गोंदियात सावलीसुद्धा तापते, तेव्हा हे पोटात गेलं की जिवाला गार वाटतं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात गिरजाबाईनं ती सासरी केली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती. एकट्या शालीकरामनं मुकाट खाल्ली आणि पुन्हा वाटी पुढे केली. त्या दुसऱ्या वाटीवर गिरजाबाईनं त्याच्याशी अख्खा संसार केला, असं म्हटलं तरी चालेल.

आता इथे काय व्हायचं? ती संध्याकाळी भात भिजवून ठेवायची. सकाळी आंघोळ करून यावं, तर भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घासूनपुसून पालथा घातलेला आणि बासी दारातल्या गाईच्या तोंडात! वर रविता हसतमुखानं गरम पोह्यांची प्लेट पुढे करणार. एकदा नाही, रोज. गिरजाबाई पोहे गिळायची आणि मनात म्हणायची, आपलं खाणं हिला गाईच्या लायकीचं वाटते, उद्या आपणही वाटू.

त्या वर्षी भारनियमनानं कहर केला होता. संध्याकाळी लाइट गेली की घराची भट्टी व्हायची. मग मोहल्ल्यातल्या खुशाल पेंटरनं एक शक्कल लढवली. दर रविवारी उन्हं कलली की सगळ्यांनी मागच्या मैदानात जमायचं. कोणी पेटी वाजवायची, म्हाताऱ्यांनी दंडारीतली, म्हणजे इकडच्या लोकनाट्यातली, गाणी म्हणायची, पोरांनी खुशालच्या उरल्यासुरल्या रंगांनी भिंत रंगवायची, आणि दर घरानं एक पदार्थ आणायचा. त्यानं फलकही रंगवला : 'सब कुछ मुफ्त, फक्त चटई घरून आणा.' मोहल्ल्याला गंमत वाटली. फुकट म्हटल्यावर गोंदियाच काय, कुठलंही शहर वेळेवर येतं.

खुशाल पदार्थ विचारत दारी आला तेव्हा रविता घरात नव्हती. "बासी," गिरजाबाई म्हणाली. खुशालनं मान हलवली. सांगाल ते लिहायचं, अर्थाशी आपल्याला काय करायचं, हा त्याच्या धंद्याचा नियम.

गिरजाबाईनं मात्र मनाशी पक्कं केलं होतं. मोहल्ल्यानं आपली बासी खाल्ली तर इथे राहायचं. नाही खाल्ली, तर सोमवारच्या गाडीनं भाऊ बकारामकडे सालेकसाला निघायचं, ते कायमचं. लुगड्यांचं गाठोडंही तिनं बांधून खाटेखाली सरकवलं.

रविवारी तिच्या मडक्यापुढे पाटी लागली, लाल ठसठशीत अक्षरांत : 'बासी – मुफ्त'.

डाव्या बाजूच्या वड्यांवर झुंबड, उजवीकडच्या पन्ह्याला रांग, आणि मधे गिरजाबाई मडक्याशी माशा वारत बसलेली. शेजारचे छोटेलाल किराणावाले पाटीपुढे थबकले. "बासी? अरे बाई, मुफ्त में भी बासी कौन खाएगा?" चार माणसं हसली. गिरजाबाईच्या डोळ्यांपुढे सोमवारची गाडी उभी राहिली.

ते हसणं ऐकून रविता भिंतीपासून धावत आली, हात रंगानं भरलेले. पाटी वाचली आणि तिचा चेहराच उतरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आई, मी रोज गरम नाश्ता बनवून देऊन राहिली ना तुम्हाला? मग चार लोकांत हे काऊन? आता सगळे म्हणतील, बहू सास को बासी खिलाती है!"

गिरजाबाईला आधी काही उमगेनाच. मग हळूहळू उजेड पडला. "म्हणून फेकत होती तू?"

"मग काय करू? तुम्ही शिळं खायचं नि आम्ही ताजं? मला वाटे, तुम्ही आमच्यासाठी पोटाला चिमटा घेऊन राहिल्या. शरम वाटे मला!"

चार महिन्यांचा बांध तिथेच फुटला. "अवो, शिळं नाई वो ते! मुद्दाम करा लागते! आन तुये ते पोहे! ह्या उन्हात गरम पोहे! माह्या पोटात रोज भट्टी पेटून राहिली!"

"मग सांगितलं काऊन नाही?"

"ह्यानं तोंड बांधलं माहं!" तिनं हात केला, तसा सगळा मोहल्ला भोजराजकडे वळला. तो चटईवर बसून वडा खात होता. त्याला तो धड गिळता येईना, धड थुंकता येईना.

गिरजाबाई हसायला लागली आणि हसता हसता रडली. ज्या पोरीनं आपला अपमान केला म्हणून ती रोज झुरली, ती पोरगी रोज आपली लाज राखत होती. तिला सुनेची फार माया आली आणि स्वतःचा थोडा रागही आला.

रवितानं रंगाचा हात ओढणीला पुसला आणि वाटी पुढे केली. "वाढा." एक घास, दोन घास. "ठंडी लगती है," ती नवलानं म्हणाली. छोटेलाल लगेच पुढे सरकले, "ऐसा है तो हमें भी दो बाई." मग आणखी काही वाट्या आल्या. मडकं रिकामं झालं की नाही, हे पाहायचं गिरजाबाईला आठवलंच नाही.

सोमवारी सकाळी ती गाठोडं सोडून लुगडी पेटीत ठेवत होती, तेव्हा रविता वाटी घेऊन समोर आली. "आई, आज मी बनवली. रात्रीच भात भिजवला, तुमच्या आधी उठून बाकीची तयारी केली."

बाईनं घास घेतला. पोरीनं भात निवू न देताच पाण्यात घातला होता आणि गंज शेगडीला टेकवून ठेवला होता. असली आंबटढाण बासी गिरजाबाईनं जन्मात खाल्ली नव्हती. चार महिन्यांनी जीभ नुकतीच मोकळी झालेली, खरं ते अगदी ओठावर आलेलं. समोर रविता श्वास रोखून उभी.

आणि तिला शालीकराम आठवला. नव्या नवरीच्या हातची ती पहिली बासी. तो मुकाट खात होता, तोंड जरासं वाकडं करून. ती दुसरी वाटी त्यानं कशासाठी मागितली होती, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं.

"बेस झाली वो पोरी," गिरजाबाई म्हणाली, आणि तिनं पुन्हा वाटी पुढे केली.