हात वर करायला शिकवणाऱ्या मिस

आज मंगळवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. बसवनगुडीत माझ्या नातीच्या शाळेत पालकसभा होती. तिथे कोऑर्डिनेटर मॅडमनी सांगितलं की सोमवारपासून चौथीच्या गणिताला सविता मिस नसतील.

मी कारण विचारलं.

"मिस चांगल्या आहेत, आँटी, पण त्यांचा पोर्शन मागे आहे. बाकीचे वर्ग दोन धडे पुढे गेलेत."

"पुढे गेलेल्या किती मुलांना भागाकार येतो?"

"ते टेस्टनंतर कळेल."

मंडळी, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सिस्टरनी "समजलं?" विचारलं की सगळा वर्ग "येस, सिस्टर" म्हणायचा. अपूर्णांक मला बँकेत नोकरीला लागल्यावर समजले. माझी नातही गेल्या वर्षापर्यंत वर्गात मान डोलवायची आणि घरी येऊन रडायची.

सविता मिस विचारतात, "कुणाला नाही समजलं?" ज्याचा हात वर होईल त्याच्या शेजारी जाऊन बसतात आणि कानडीत, हिंदीत, जमेल तसं पुन्हा सांगतात. पोर्शन मागे पडतो तो यामुळे. गेल्या आठवड्यात नातीने पहिल्यांदा हात वर केला. नव्या मिससमोर ती हात वर करेल, याची मला खात्री नाही.

मी तिथेच बसून अर्ज लिहून दिला. मिसना याच वर्गावर ठेवा, नाहीतर धडे संपवणं म्हणजेच शिकवणं आहे, असं शाळेच्या शिक्क्यानिशी लिहून द्या. चौथीचे आणखी कुणी पालक या ग्रुपवर असतील तर त्यांनीही उद्या अर्ज द्यावा. तोंडी "सरी", म्हणजे "बरं, बघतो", मला चालणार नाही. लेखी उत्तर शुक्रवारी दुपारी चारच्या आत हवं आहे.