बाबांच्या नकाशातलं अकोला

आमच्या घरी अमरावती आणि अकोल्याचं भांडण माझ्या जन्माआधीपासून सुरू आहे. बाबा अमरावतीचे, राजापेठेतले. आई अकोल्याची, जुन्या शहरातली, मोर्णा नदीच्या पलीकडची. चहात साखर कमी पडली की बाबा म्हणणार, "अकोल्याले साखर महाग असन." आई उत्तर देत नसे. ते काम तिने आपल्या भावाकडे सोपवलं होतं. मामाचं जुन्या शहरात पंपाच्या मोटारी रिवाइंड करून द्यायचं दुकान आहे, आणि दुकानापेक्षा त्याचं तोंड जास्त चालतं. "मेन लाइनची गाडी पकडाची तं बदनेऱ्याले जा लागते, अन् म्हणे आमचं शहर मोठं!" हे वाक्य तो दर दिवाळीला बाबांच्या ताटाशेजारी बसून म्हणतो. बाबा जिलेबी खात म्हणतात, "तुमच्या इथं मे महिन्यात नळाच्या पाण्यात चहा होते, त्याचं सांग पयले."

मी पुण्याच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. टाळेबंदीत घरी आले आणि वरच्या खोलीत लॅपटॉप मांडला तो मांडलाच. खाली रस्त्यावर ट्यूशनच्या पोरांच्या गाड्या, त्यामुळे माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये राजापेठेचे हॉर्न वाजायचे. दुपारी आईच्या हातची गरम भाकर, संध्याकाळी बाबांशी वाद. मी सुखात होते, उगाच कशाला लपवू?

मग एक दिवस कंपनीचं पत्र आलं. सगळ्यांनी आता पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. पण त्याच पत्रात पुढे लिहिलं होतं की कंपनी पुण्याबाहेर एखाद्या मध्यम शहरात दुसरं मुख्यालय काढणार आहे, इच्छुक शहरांनी प्रस्ताव पाठवावेत, आणि ज्यांचं घर त्या शहराच्या आसपास असेल त्यांनी तिथेच काम करावं. अमरावतीला आलं असतं तर घरचं जेवण सुटलं नसतं. अकोल्याला आलं असतं तरी मामाचं घर होतं, नाही तर रोजची गाडी होती. मला दोन्हींपैकी कुठलंही चालणार होतं. फक्त तिसरं गाव नको होतं. हे मी बाबांना सांगितलं, मामाला फोन करून सांगितलं, दोघांनीही "हो हो" म्हटलं आणि दोघांनीही ऐकलं नाही.

दोन्ही गावांनी प्रस्ताव पाठवायचं ठरवलं. अमरावतीच्या नागरिक समितीत बाबा गेले. अकोल्याच्या व्यापाऱ्यांच्या समितीत मामा कसा घुसला ते अजून कोणाला कळलेलं नाही. तेव्हापासून माझा फोन तापू लागला. "भाची, खरं सांगजो," मामा म्हणायचा, "तुया बापानं किती पानाचा अर्ज देल्ला?" मी म्हणायची, मामा, मी साधी प्रोग्रॅमर आहे, मला कोण विचारतं? तर म्हणे, "आतली बातमी हाय तुयापाशी, लपवून राह्यली तू." जेवताना हाच प्रश्न बाबा विचारायचे, फक्त मामाबद्दल.

बाबा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आरेखक होते. सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली, आणि कॉम्प्युटर आला तरी त्यांनी हाताचं पेन सोडलं नाही. प्रस्तावासोबत नकाशा हवा म्हटल्यावर त्यांना तरुणपण आलं. पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरलेला होता आणि आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो. नकाशा सुंदर झाला होता, हे मान्य केलं पाहिजे. मध्यभागी अमरावती, चहूबाजूंनी रस्ते, भातकुलीच्या वाटेवरची मुख्यालयासाठी सुचवलेली जागा हिरव्या रंगात. बदनेऱ्यावरून रेल्वेचे रूळ मूर्तिजापूरपर्यंत जात होते, आणि त्याच्या पुढे कोऱ्या कागदात विरून जात होते.

"बाबा, अकोला?"

"मावलं नाई कागदात."

तिथे अख्खी वीतभर जागा रिकामी होती. आईने भाजी निवडता निवडता मान वर करून त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि परत भाजीत घातली. मला तेव्हा बाबांचा राग आला. थट्टा एक आणि हे एक. पण हे सगळं माझ्याच नोकरीसाठी चाललं होतं, म्हणून मी वाद न घालता वर कामाला गेले.

मग कंपनीची माणसं पाहणीला आली. एक मोठ्या मॅडम आणि एक बारीक दाढीवाला मॅनेजर. इथलीच म्हणून दोन दिवस त्यांच्यासोबत फिरायचं काम माझ्याकडे आलं. पहिला दिवस अमरावतीचा. समितीने एक मंगल कार्यालय घेतलं होतं, आणि सगळा थाट मुलगी दाखवण्याचा होता. गिला वडा झाला, चहा झाला, परत गिला वडा झाला. मॅनेजर तिसऱ्या वड्याला "नको" म्हणाला, तेव्हा वाढणाऱ्याने ते ऐकूनच घेतलं नाही. शेवटी बाबांनी नकाशा उलगडला.

मॅडम चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "फार सुरेख आहे हो. पण यात अकोला दिसत नाही. उद्या आम्हाला तिथेच जायचंय."

मॅनेजर हसून म्हणाला, "दाखवण्यासारखं काही नसेल, मॅडम. ऊन, धूळ आणि रांगडी माणसं, असंच ऐकलंय."

समितीतले दोघंतिघं हसले. बाबा हसले नाहीत. मला त्यांचा चेहरा ओळखू येतो. बाबांनी अकोल्याला काय म्हणायचं ते म्हणावं, ती त्यांची सासुरवाडी आहे. पुण्याच्या माणसाने म्हणायचं काही कारण नव्हतं. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, त्या सगळ्यांच्या देखत नकाशावर वाकले, आणि मूर्तिजापूरच्या पुढचे रूळ ओढायला लागले.

"हे अकोला," बाबा म्हणाले. "मेन लाइन हाय. इकडून मुंबई, तिकडून हावडा. हे कापसाचं मार्केट. ही मोर्णा. अन् हे जुनं शहर, इथं आमचं लग्न झालं. मे महिना होता. वऱ्हाड्यांले ऊन लागू नये म्हणून मोहल्ल्यातल्या लोकायनं, हिंदू-मुसलमान सारे, आपापल्या घरच्या सतरंज्या आणून गल्लीवर छत बांधलं होतं. असे रांगडे लोक हायेत ते."

मॅडमनी हळूच विचारलं, "मग कंपनीने अकोल्याला का जाऊ नये?"

"काहून जाऊ नये? जा ना!" बाबा म्हणाले. समितीच्या अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. समितीच्या ऑफिसच्या दारात मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. बाबांनी काल अकोल्याची काय काय बदनामी केली असेल याचा हिशेब करून त्याने उत्तरं पाठ केली होती, हे मला त्याच्या ओठांवरून कळत होतं. मी त्याला सावध करणार तेवढ्यात आम्ही टेबलाशी बसलो आणि मॅडमच बोलल्या. "काल अमरावतीत तुमच्या शहराचं फार कौतुक ऐकलं. आरेखक आहेत एक, त्यांनी तर आमच्यासमोर अकोला काढून दाखवलं."

मामा खुर्चीतून अर्धा उठला. "आमच्या जावईबापूनं?"

आता आमच्याकडची एक रीत सांगते. आलेला आहेर आम्ही कधी तेवढाच परत करत नाही. वर काहीतरी घालूनच द्यायचा, त्यात जावयाचा असेल तर दुप्पट. मामाने तिथल्या तिथे सगळी पाठ केलेली उत्तरं गिळली आणि अमरावतीचा आहेर चढवायला सुरुवात केली. अमरावतीचं पाणी गोड, माणसं शिकलेली, पोरं हुशार. "माही बहीण देल्ली तिथं. एक दिवस बी तिनं तोंड वाकडं करून माहेर नाई गाठलं. असं गाव हाय ते!" समितीची माणसं त्याला टेबलाखालून पाय मारत होती. मामा थांबेना.

मॅनेजरने विचारलं, "मग मुख्यालय अमरावतीतच काढावं, असं तुमचं म्हणणं?"

मामाने समितीच्या माणसांकडे बघितलं. मी मनात म्हटलं, मामा, आता तरी स्वतःच्या गावाचं बोल. पण आहेर अर्ध्यावर ठेवता येत नाही. "काढा ना," मामा म्हणाला. "आमी गाडीत बसून येऊ."

महिनाभराने निकाल आला. दुसरं मुख्यालय तिसऱ्याच शहराला गेलं, आपल्याकडचं नाहीच. मॅडमनी मला आपणहून फोन केला. म्हणाल्या, "बाकीच्या गावांनी शेजारच्या गावाला नावं ठेवली. तुमच्या दोघांनी एकमेकांची शिफारस केली. कोणाचं ऐकावं तेच ठरेना. पण ते दोन दिवस मी विसरणार नाही." मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवून मोठ्याने रडले. मग रागाने खाली आले, मामाला फोन स्पीकरवर घेतला आणि दोघांनाही धुतलं. तीस वर्षं भांडलात, अजून दोन दिवस भांडला असता तर काय बिघडलं असतं? बाबा मान खाली घालून ऐकत होते.

आईला मंगल कार्यालयातली गोष्ट तोवर माहीतच नव्हती. मामाला वाटलं बाबांनी सांगितली असेल, बाबा असलं काही घरी सांगणारे नव्हेत, आणि मी निकालाच्या काळजीत होते. माझ्या त्या आरडाओरड्यातच तिला सतरंज्यांचं छत कळलं. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "असं म्हणाले हे? साऱ्यांसमोर?" आणि जी हसायला लागली ती थांबेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तीस वर्षांत एक डाव माह्या माहेराले चांगलं म्हटलं ह्या माणसानं, अन् त्यात पोट्टी घालवली!" मग मीही हसले. रडायचं तेवढं वर रडून झालं होतं.

निघायच्या दिवशी बाबा बदनेऱ्यापर्यंत आले आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या बॅगेची चेन तपासत राहिले. अकोल्याच्या फलाटावर मामा डबा घेऊन उभा होता. डब्यात दोन माणसांचं जेवण होतं. "पुण्याचे लोक उपाशी ठेवतीन तुले," तो म्हणाला, आणि गाडी हलल्यावर खिडकीला धरून थोडं पळाला.

परवा घरी व्हिडिओ कॉल केला. आईने तो नकाशा समितीकडून मागून आणून बैठकीत लावलाय. बाबांनी घाईत ओढलेलं अकोला त्यात थोडं वाकडं आलंय, पण अमरावतीपेक्षा मोठं. मी नीट बघितलं तर नकाशाच्या डाव्या कोपऱ्याला खाली अजून एक कागद चिकटवलेला होता, त्याला अजून एक, आणि ते भिंतीवरून उतरत पार दिवाणापर्यंत आले होते.

"हे काय, बाबा?"

"काही नाई," बाबा म्हणाले. "तुया आईनं विचारलं, पुणं कुठं हाय यात. म्हटलं मावत नाई. तं म्हणे, मावाले पायजे."