गळती शून्य

वीजघरात त्यांना सगळे कोरडेमामा म्हणत. दोन नंबरच्या टर्बाइनचा शाफ्ट जिथून बाहेर येतो, तिथलं पाणी अडवणारं, दोरी दाबून भरलेलं सील सत्तावीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होतं. बाकीच्या यंत्रांखाली बादल्या लागत. मामांच्या यंत्राखाली ताट मांडून जेवावं अशी कोरडी फरशी. एकदा बड्या साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली, तेव्हापासून स्वारी हवेतच होती. दोरीच्या सीलमधून थोडं पाणी ठिबकू द्यायचं असतं, त्यानंच ते थंड राहतं, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण थेंब दिसला की हात पान्याकडे गेलाच. घरचे नळही ते असे आवळत की बायको म्हणे, "पाणी प्यायचं तर आधी तुम्हाला शोधायचं!"

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना जुनं सील काढून नवं स्प्रिंगचं सील बसवायचं ठरलं. मामांनी हट्टच धरला, "माझ्या हातानं उघडणार."

झाकण निघालं. आतली दोरी जळून दगड झाली होती. ती खरवडली. शाफ्टला गोल चर पडला होता. त्यांनी करंगळी आडवी ठेवून पाहिली, ती आत बसली. काढली, पुन्हा ठेवली. पुन्हा बसली.

"हे... हे कधी झालं?"

अशा चरावर नवं सील बसणं शक्य नव्हतं. शाफ्ट बाहेर काढावा लागणार, म्हणजे यंत्र सहा महिने बंद.

मामा पायरीवर मटकन बसले. शेजारी त्यांच्या मुलीच्या वयाच्या इंजिनिअर बाई अहवाल लिहीत होत्या. मामांनी मान उंचावून वाचलं : 'कारण – पाण्यातला गाळ.' क्षणभर हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

"बाई, गाळ खोडा. मीच आवळत आलो, त्यानंच शाफ्ट झिजला. माझं नाव लिहा."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि रोजच्या नोंदींची वही त्यांच्यापुढे सरकवली.

"ते आधीच लिहिलेलं आहे, मामा. वरचे लोक अहवाल वाचतात, वही कुणी उघडत नाही. म्हणून गाळ लिहिला."

मामांनी वही उघडली. केवढा अभिमान होता त्यांना या वहीचा! जे पान उलटावं, तिथे त्यांच्याच वळणदार अक्षरात 'गळती शून्य', आणि खाली सही. एकही दिवस चुकला नव्हता.