आभाराच्या वहीतलं घर

मुलगी बारावी झाली आणि म्हणाली, पुढचं कॉलेज रत्नागिरीला, मामाकडे राहून करणार. पनवेलमध्ये कॉलेज नाहीत असं नव्हतं. आमच्या घरापासून चालत जाता येईल असंही एक होतं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तिकडे चांगलं आहे." बायकोला विचारलं तर तीही म्हणाली, "जाऊ द्या ना तिला."

मला ते लागलं. एकुलती एक मुलगी, आणि तिला आपलं घर नको? मला खरंच कळत नव्हतं. कळत नव्हतं, कारण माझ्याकडे लेखी पुरावा होता की आमचं घर सुखी आहे.

तो पुरावा म्हणजे एक वही. त्याच्या दोन वर्षं आधी माझं ब्लडप्रेशर वाढलं होतं. उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात मी सुपरवायझर होतो. दिवसभर ट्रेलरच्या रांगा, ड्रायव्हरांची भांडणं, वरून साहेबांचे फोन. माझ्यासारखे आणखी दहा-बारा जण गोळ्यांवर होते, म्हणून कंपनीने एक दिवसाचं शिबिर ठेवलं. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या वाटल्या. रोज पाच गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल आभार मानावेसे वाटतात. छोट्यात छोटी गोष्ट चालेल. एकच नियम: तक्रार लिहायची नाही, वाईट लिहायचं नाही. मन आपोआप चांगलंच बघायला लागेल, ते म्हणाले.

बाकीच्यांच्या वह्या आठवड्यात रद्दीत गेल्या. मी मात्र मनावर घेतलं. संध्याकाळी साडेसहाला कंपनीची गाडी नाक्यावर सोडायची. घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन मी बाल्कनीत बसायचो आणि लिहायचो. चहात आलं होतं, आभार. गाडीत खिडकीची जागा मिळाली, आभार. सुरुवातीला पाच गोष्टी जमवताना नाकीनऊ यायचे, पुढे पुढे सात-आठ सुचायला लागल्या. दोन वर्षांत तीन वह्या भरल्या. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. ऑफिसात मी नव्या पोरांना सांगायचो, "लिहा रे, घर बदलतं त्याने."

तर मुलीने रत्नागिरीचं काढलं त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तिन्ही वह्या घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. मुलगी फॉर्म भरत बसली होती. बायको वाटाणे सोलत होती. मी म्हणालो, "तुला हे घर नकोय ना? मग ऐक. मला हे घर कसं दिसतं ते ऐक."

आणि मी वाचायला लागलो. आज ते आठवलं की मान खाली जाते. मी अगदी आवाज लावून वाचत होतो.

"'घरी आलो तेव्हा घर किती शांत होतं. या शांततेबद्दल आभार.'" पान उलटलं. "'मुलगी रात्री नऊपर्यंत वाचनालयात अभ्यास करते. अशी जिद्दी मुलगी दिल्याबद्दल आभार.'" पान उलटलं. "'आज मन अस्वस्थ होतं. बाल्कनीत बसलो तर दोरीवर एकच पिवळा नॅपकिन वाऱ्यावर हलत होता. किती साधी गोष्ट, पण मन प्रसन्न झालं.'"

मुलगी हसली. तोंडावर हात ठेवला तरी हसू थांबेना. बायकोकडे बघून म्हणाली, "आई, नॅपकिन! बाबांनी नॅपकिनचे आभार मानलेत!"

"गप," बायको म्हणाली. पण तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"हसण्यासारखं काय आहे त्यात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. तो चढल्याबरोबर मुलीचं हसू जागीच थांबलं. तिने पेनाला टोपण लावलं, कागद गोळा केले. उठायच्या तयारीत. ते सगळं इतकं सवयीचं होतं की मला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं.

मी म्हणालो, "बस. सांग मला. ओरडत नाही मी."

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांग आता. जायचंच आहे तुला."

"तुम्ही गाडीतून उतरून वर आलात की आई बघायची, चप्पल कशी काढलीत," मुलगी म्हणाली. "नीट काढलीत तर काही नाही. भिरकावलीत तर ती पिवळा नॅपकिन दोरीवर टाकायची. मी क्लासवरून येताना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याजवळ थांबून वर बघायचे. नॅपकिन असला की घरी यायचं नाही."

"मग कुठे जायचीस?"

"वाचनालयात. आठला ते बंद होतं, बाबा. मग पायरीवर."

मी वहीकडे बघत राहिलो. वाचनालय आठला बंद होतं हे मला माहीत होतं. पनवेलमध्ये जन्म काढला मी. नऊपर्यंत मुलगी तिथे अभ्यास करते, हे लिहिताना माझ्या डोक्यात एकदाही कसं आलं नाही?

"आधी लाल टाकायचे," बायको मध्येच म्हणाली, जणू भाजीचं काही सांगत होती. "पण लाल उगाच डोळ्यात भरतो. तुम्ही विचाराल म्हणून पिवळा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण मी कधी हात उचललाय तुमच्यावर?"

हे वाक्य मी चारचौघांतही अभिमानाने सांगत असे. मी रागीट आहे, पण हात नाही उचलत.

मुलीने माझ्या हातातली दुसरी वही घेतली आणि पानं चाळायला लागली. तेव्हा कळलं की वह्या तिला पाठ आहेत. ती रोज वाचत होती, दुसऱ्या दिवशीचा अंदाज घ्यायला. तिने पान काढलं आणि वही माझ्यापुढे धरली. माझंच अक्षर. 'आज राग आला, पण दहा मिनिटांत शांत झालो. ही प्रगती आहे. स्वतःचेही आभार.'

"हा गणपतीच्या आधीचा शुक्रवार," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही ताट फेकलंत. आमटी गरम होती."

मी बायकोच्या पायाकडे पाहिलं. डाव्या पावलावर, अंगठ्याच्या मागे, रुपयाएवढा पांढरट डाग होता. तिने पाय साडीखाली ओढून घेतला. मला तो डाग माहीत होता. कुकरची वाफ लागली असं तिने शेजारणीला सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं. आणि हळूहळू मीही तसंच धरून चाललो होतो. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला ताट आठवत नव्हतं. वहीत वाईट लिहायचं नव्हतं. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं माझ्या डोक्याने ठरवून टाकलं होतं.

शिबिरातल्या त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांनी चांगलं बघायला सांगितलं होतं, आंधळं व्हायला नाही. आंधळा माझा मीच झालो. घरातल्या दोघींनी जीव मुठीत धरून जी शांतता रोज संध्याकाळी तयार करून ठेवली, तिच्याबद्दल मी कुणा अज्ञाताचे आभार मानत होतो.

मी माफी मागितली. शब्द धड आले नाहीत. मुलगी म्हणाली, "ठीक आहे, बाबा," आणि परत फॉर्म भरायला लागली. मामाचा पत्ता तिने स्वच्छ अक्षरात लिहिला. मी पालकाच्या जागी सही केली. सही वाकडी आली.

जूनमध्ये आम्ही दोघं तिला सोडायला एसटी स्टँडवर गेलो. बॅग मी वर चढवली. गाडी सुटताना ती आईशी खिडकीतून बोलत राहिली आणि मला म्हणाली, "गोळी घेत जा."

त्यानंतर मी पूर्ण सुधारलो असं लिहिलं तर ती पुन्हा त्याच वहीतली ओळ होईल. मी डॉक्टरांना गोळीखेरीज रागाबद्दलही सांगितलं. त्यांनी पाठवलं तिथे गेलो, अजूनही जातो. ताट फेकलं नाही. आवाज दोन-तीनदा चढला. बायकोच त्याबद्दल सांगू शकेल, मी नाही.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मुलीचा फोन आला. बायको स्वयंपाकघरात बोलत होती, मी बाहेर टीव्हीसमोर होतो. पलीकडून मुलीने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण ते कळायला ऐकावं लागत नव्हतं. बायकोने गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"ये," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "पण परतीचं तिकीट आधीच काढून ठेव."

मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. मला ऐकू आलं हे तिला कळायला नको होतं.