महादेवाच्या डोंगराचा वळसा

सह्याद्री तयार झाला तेव्हा तो ताब्यात घेण्यापूर्वी आमच्या साडूंना तपासणीला बोलावलं नाही, एवढी एकच चूक निसर्गाच्या हातून झाली, असं माझं मत आहे. साडूंचं तर आहेच. मानपाड्याच्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं बोल्ट तपासले आणि निवृत्तीनंतर डोंगर तपासायला घेतले. एखादा कडा पाहून आपण गप्प होतो, साडू मान तिरकी करून म्हणतात, "डावीकडे फिनिशिंग जरा कमी पडलंय."

डोंगरावर जाण्याआधी त्यांचं परिपत्रक निघतं. जाणारे आम्ही तिघंच, साडू, त्यांची लेक आणि मी. तरी परिपत्रकाला जावक क्रमांक असतो. पाणी प्रत्येकी तीन लिटर, चिवडा अर्धा किलो, विनोद चढण संपल्यावर. शेवटची अट माझ्यासाठी असावी. सरावासाठी ते पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन भाजी आणायला जातात. भाजीवालीने एकदा विचारलं, काका, गावाला निघालात काय? तेव्हा त्यांनी तिला गुरुत्वमध्य समजावून सांगितला आणि गवार न घेताच घरी आले. वाट मात्र ते कुणालाही विचारत नाहीत. हातात नकाशा असताना माणसाला विचारणं म्हणजे नकाशाचा अपमान. एकदा मोळी घेऊन चाललेल्या बाईला त्यांनी तिचं गाव कुठे आहे ते नकाशावर दाखवलं. तिने मोळी खाली ठेवून सगळं नीट ऐकून घेतलं आणि नेमकी उलट्या दिशेने घरी गेली.

मुरबाडच्या पलीकडे एक डोंगर आहे, माथ्यावर महादेवाचं देऊळ. दोन खिंडी चढून उतरून त्याला पूर्ण वळसा घालायचा तर दोन दिवस लागतात. साडूंनी तो दोनदा अर्धवट सोडला होता. एकदा धुक्यामुळे, एकदा माझ्यामुळे. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही तिसऱ्यांदा निघालो, कारण महिन्याभरात त्यांचा उजवा गुडघा बदलायचा होता आणि त्यानंतर फक्त सपाट रस्ता, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "म्हणजे राहिला एक चान्स," कल्याणच्या एसटी स्टँडवर साडू म्हणाले. परिपत्रकात नसलेलं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

पहिली खिंड त्यांनी जिद्दीने काढली. मुक्काम एका गावातल्या शाळेच्या ओसरीवर केला. सकाळी तासभर चालल्यावर ओढा लागला, आणि तिथे साडू दगडावर बसले. गुडघा चांगलाच सुजला होता. ओढ्यापलीकडे दुसरी खिंड सरळ उभी होती. ते बुटाची एकच नाडी पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिले.

लेक म्हणाली, "बाबा, बस झालं ना आता. फिरूया मागे."

"तिसऱ्यांदा अर्धवट नाही सोडायचं," साडू म्हणाले. पण उठले नाहीत.

मी देवळात जातो तो इतरांच्या चपला सांभाळायला. तरी मीच म्हणालो, "साडूभाऊ, डोंगर महादेवाचा आहे. महादेवाची प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत."

पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नसते. तिथवर जायचं आणि आल्या वाटेने परतायचं, की प्रदक्षिणा पुरी झाली. हे त्यांनाही माहीत होतं. हा ओढा देवळाकडूनच येतो, असं मी ठोकून दिलं. तो समोरच्या दुसऱ्याच डोंगरातून येत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"पण काका, देऊळ तर..." लेक म्हणाली, बापाच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली, आणि तिने त्यांची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली.

साडूंनी तपासनिसाच्या नजरेने ओढा खालून वर, वरून खाली पाहिला. नकाशा काही उघडला नाही.

"हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही," ते म्हणाले. "चला मागे."

गावापर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तिथून जीप मिळाली. परतीच्या प्रदक्षिणेला जीप चालते का, याबद्दल शास्त्र गप्प आहे. आता कुठल्याही लग्नाच्या पंगतीत साडू सांगतात, की तो डोंगर विधिवत केलेला आख्ख्या डोंबिवलीत मी एकटा, बाकीचे खुशाल ओढा ओलांडतात. मी जिलेबीकडे पाहत मान डोलावतो.

गेल्या महिन्यात लेकीने मैत्रिणींबरोबर तो वळसा पुरा केला. ती फोटो दाखवायला आली तेव्हा मी तिथेच होतो. ओढ्यापर्यंतचे फोटो साडूंनी भराभर सरकवले, त्यातल्या दोघींचे बूट चुकीचे ठरवले. मग ओढ्यापलीकडचा पहिला फोटो आला आणि त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, फोन चष्म्याजवळ नेला.

"वाट डावीकडून जाते होय," ते म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटत होतं, उजवीकडून असेल."