काकूचा अंगठा

पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले की कारकून म्हणतो, "आजी, बोट ठेवा." यंत्र आधी साठवलेला ठसा काढतं, माझ्या बोटाशी ताडतं आणि मी मीच असल्याचं जाहीर करतं. मला त्याचा भारी राग येतो. आधीचा ठसा कुणाचा घेतला होता, हे त्या शहाण्याला कुठे ठाऊक असतं?

सत्तरच्या दशकात मी वाशिमला मुलींच्या वसतिगृहात होते. नाव घालायच्या दिवशी आई बाळंतीण, म्हणून काकू घेऊन आली. तिथल्या कारकुनानं बजावलं, "आईचाच अंगठा लागेल, नाहीतर परत जा." आमच्या आसेगावहून पुन्हा कोण येणार? काकूनं "मीच इची माय" म्हणत फॉर्मवर अंगठा उठवला. आमच्या लेखी अंगठा म्हणजे शाईचा डाग, त्यात काय पाहायचं!

दोन वर्षांनी आई एकटीच धापा टाकत आली. वडील शेवटच्या घटका मोजत होते आणि सारखं मलाच बोलावत होते. दुपारच्या एसटीनं निघायचं होतं. पण एका मुलीला खोट्या मामानं पळवून नेल्यापासून वॉर्डनबाई ताकही फुंकून पीत. त्यांनी आईचा अंगठा घेऊन फॉर्मशी ताडला. काकूच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना घाव होता, त्याची पांढरी रेघ ठशात ठळक दिसत होती. आईच्या ठशात रेघ नव्हती.

"तू हिची आई नाहीस."

"मायच हाय माही!" मी ओरडले.

"मग फॉर्मवर अंगठा कुणाचा?"

खरं सांगितलं तर नाव कटणार, शिक्षण संपणार. चुलीत गेलं ते शिक्षण, मला बाप पाहायचा होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं माझा हात करकचून दाबला.

"मी इची मावशी हाय, बाई. पोरगी मलेच माय म्हणते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रडू नको. उद्या तुही माय येईन तुले न्याले."

ती काकूला धाडणार, हे मला कळलं. तरी मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी काकू आली. तिचा अंगठा रेघेसकट जुळला. बाईंनी समाधानानं मान डोलावली आणि मला तिच्या हवाली केलं. फाटकाबाहेर आल्यावर काकू खाली बसली.

"पोरी," ती म्हणाली, "तुहा बाप सकाळीच गेला."